काठी, हौदा, रिंग

अमरावतीच्या जुन्या गावाला परकोट आहे. अंबा गेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावे रोजच्या बोलण्यात आहेत, पण ही दारे कोणाला बाहेर ठेवण्यासाठी बांधली याची आठवण आता कमीच लोकांना असते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या अमलात हा कोट उभा राहिला, तो पेंढाऱ्यांच्या धास्तीने. कापसाच्या व्यापाराने श्रीमंत झालेल्या पेठा आणि सावकारांच्या पेढ्या दगडी भिंतीच्या आत आल्या. भिंतीबाहेरच्या खेड्यांच्या वाट्याला असा कोट आला नाही. तिथल्या माणसाने आपला जीव, बैलजोडी आणि खळ्यावरचे धान्य राखायचे ते स्वतःच्या हातांनी आणि हातातल्या काठीने.

कोणती युद्धकला शिकली तर वेळेला खरोखर उपयोगी पडेल, हा प्रश्न आज शहरातले पालक मुलीला क्लासला घालताना विचारतात. वऱ्हाडात तो दोनशे वर्षे विचारला जातो आहे आणि प्रत्येक पिढीने त्याचे उत्तर वेगळे दिले आहे. ही उत्तरे क्रमाने पाहिली तर निवड कधीच नुसत्या कलेच्या नावावर झालेली दिसत नाही. भीती कोणाची आहे, हाताशी काय आहे आणि रोज समोर उभा राहणारा जोडीदार मिळतो का, या तीन गोष्टींनी ती ठरत गेली.

१८०३ हे साल या इतिहासात महत्त्वाचे. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावजवळ आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला आणि १५ डिसेंबरला मेळघाटातला गाविलगड घेतला. पुढे १८१७-१८ च्या युद्धात पेंढारी मोडले गेले. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात दिला. पिढ्यान्‌पिढ्या तलवार आणि भाल्यावर पोट भरणाऱ्या माणसांचे काम संपले. १८७८ च्या कायद्याने इंग्रजी अमलात शस्त्र बाळगायला परवान्याची अट आली, तेव्हा सामान्य माणसाच्या घरातले उरलेसुरले हत्यारही कोपऱ्यात गेले.

उरल्या दोन गोष्टी: कुस्ती आणि काठी. दोन्हींना परवाना लागत नव्हता.

काठीची निवड गरिबीतून झाली असे म्हणणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. मेळघाटात जो बांबू उगवतो त्यातला मानवेल हा जवळजवळ भरीव असतो. वाळवून, शेकून, तेल पाजून तयार केलेली त्याची लाठी वजनाला पेलते आणि सहसा फुटत नाही. माणसाच्या कानापर्यंत किंवा डोक्यापर्यंत येणारी अशी लाठी दोन्ही हातांत धरली की सुरा किंवा कोयता घेतलेला माणूस अंगाशी येण्याआधीच त्याच्या मनगटावर वा गुडघ्यावर तडाखा बसतो. लांब पल्ल्याचा हा फायदा एकट्याला अनेकांशी सामना करताना सर्वांत जास्त उपयोगी. लाठी सर्व अंगाने फिरवत घोळक्यातून वाट काढायची, हा या विद्येचा गाभा. शिवाय काठी शेतकऱ्याच्या आणि गुराख्याच्या हातात दिवसभर असते. हल्ल्याच्या क्षणी जवळ असणे हा हत्याराचा पहिला गुण आणि या गुणात काठीला तोड नव्हती.

कुस्तीचे कारण निराळे. ती हत्यार देत नाही, ती अंगाला सवय लावते. हौद्यातल्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद घालून ती मऊ ठेवायची, पहाटे फावड्याने खणायची, जोर-बैठका मारायच्या आणि मग जोडीला भिडायचे. समोरचा पट्ठा आपल्याला पाडायला पूर्ण ताकद लावतो आहे आणि आपण त्याच्या खालून निसटायचे आहे, हा अनुभव पहिलवान वर्षाकाठी शेकडो वेळा घेतो. अचानक कोणी कमरेला विळखा घातला तर न शिकलेल्या माणसाचे अंग आखडते. पहिलवानाचे अंग विचार करण्याआधी हलते. वस्तादाच्या शिकवणीतला हा भाग पुस्तकात मावत नाही.

अशा तालमी वऱ्हाडात गावोगाव होत्या, पण त्यांना संस्थेचे रूप यायला राजकारणाची ऊब लागली. डिसेंबर १८९७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीला भरले. अध्यक्ष होते सी. शंकरन नायर. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे टिळकांचे निकटचे सहकारी. लोकमान्यांच्या विचारांनी भारलेल्या या गावात, बंगालच्या फाळणीनंतरच्या वर्षांत, शरीर कमावणे हे देशकार्य ठरले. तिकडे बंगालात अनुशीलन समितीचे तरुण लाठी शिकत होते. इकडे वऱ्हाडातल्या तरुणांच्या मनातही तेच होते.

१९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी अमरावतीत जो आखाडा सुरू केला त्यातूनच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. आखाड्याची जुनी पद्धत एका वस्तादावर आणि त्याच्या मोजक्या पठ्ठ्यांवर चाले. डाव, पवित्रे, गुपिते वस्तादाकडे असत आणि त्याच्याबरोबर बहुतेक संपतही. वैद्य बंधूंनी शिकवण्याचीच रीत बदलली. उन्हाळी वर्ग काढले, गावोगावच्या शिक्षकांना आणि तरुणांना बोलावले आणि ते परत गेले की आपापल्या गावी तालीम काढतील अशी योजना केली. या एका निर्णयामुळे अमरावतीचे नाव देशभर पोचले. नंतर लाहोरला भगतसिंग आणि सुखदेव यांच्याबरोबर २३ मार्च १९३१ रोजी फाशी गेलेले शिवराम हरी राजगुरू इथे व्यायामाचे शिक्षण घेऊन गेलेले होते. काशीला संस्कृत शिकायला गेलेल्या या खेडच्या तरुणाला शरीर कमावण्याचीही तितकीच ओढ होती.

त्या काळच्या मराठी आखाड्यांत शिकवायच्या विद्यांची यादी आजच्या वाचकाला थक्क करील. लाठी, फरीगदगा, बोथाटी, जंबिया, दांडपट्टा, बनेटी. जोडीला मल्लखांब आणि लेझीम. याखेरीज बिनोट आणि बंदेश, म्हणजे हत्यारबंद माणसाला थोपवण्याच्या आणि त्याच्या हातचे हत्यार काढून घेण्याच्या विद्या. या सगळ्याची सर्वांत मोठी नोंद बडोद्याला झाली. दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेला व्यायाम ज्ञानकोश १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत निघाला. आज बिनोट कशी होती हे बघायचे तर बहुतेकांना त्या खंडांकडेच जावे लागते. शिकवणारा हाडामांसाचा वस्ताद मिळणे दुर्मीळ झाले आहे.

इथे एक फरक नीट पाहायला हवा, कारण आजच्या निवडीचाही तोच कणा आहे. या यादीतल्या काही विद्या प्रतिकार करणाऱ्या माणसाबरोबर शिकल्या जात, काही ठरलेल्या हालचालींनी. कुस्ती पहिल्या प्रकारची. फरीगदगाही त्यातलाच: हातात चामड्याची छोटी ढाल म्हणजे फरी आणि मऊ आवरणाची छडी म्हणजे गदगा, त्यामुळे समोरच्याला मोकळेपणी वार करता येई आणि जीवही जात नसे. दांडपट्ट्याचे आणि बनेटीचे बहुतेक शिक्षण मात्र एकट्याने फिरवण्याचे. बघणाऱ्याचे डोळे दिपतात, मनगट आणि खांदा तयार होतो, पण समोरचा माणूस फसवा वार करील, मागे सरेल, धूळ फेकील, याची सवय त्यात लागत नाही.

जपानमध्ये हाच पेच जुदोचे जनक जिगोरो कानो यांना पडला होता. त्यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही आपली शाळा स्थापन केली तेव्हा जुन्या जुजुत्सूच्या शाळांत डोळे फोडण्यापासून बोटे मोडण्यापर्यंत सगळे शिकवले जात होते. पण ते पूर्ण ताकदीने करून पाहता येत नव्हते. कानोंनी घातक प्रकार ठरलेल्या क्रमाच्या सरावात ठेवले आणि पाडण्या-धरण्याचे प्रकार खुल्या झुंजीत आणले. कमी घातक गोष्टी रोज पूर्ण जोराने करणारा माणूस, घातक गोष्टी नुसत्या हवेत करणाऱ्यापेक्षा तयार होतो, हे त्यांच्या पद्धतीने दाखवून दिले. १९१४ च्या नोव्हेंबरात, म्हणजे अमरावतीचा आखाडा सुरू झाला त्याच वर्षी, कोदोकानचा मित्सुयो माएदा ब्राझीलला उतरला. त्याच्या शिकवणीतून ग्रेसी घराण्याची जिउ-जित्सू वाढली आणि १९९३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरला झालेल्या पहिल्या यूएफसी स्पर्धेत अंगाने किरकोळ रॉयस ग्रेसी आपल्यापेक्षा दांडग्या प्रतिस्पर्ध्यांना हरवून विजेता झाला. त्याच्या यशाचे रहस्य हौद्यातल्या कोणत्याही पहिलवानाला परके वाटले नसते: भिडणाऱ्या माणसाबरोबर वर्षानुवर्षे केलेला सराव.

रवींद्रनाथांनाही हे कळले होते. त्यांनी १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी या जुदोच्या शिक्षकाला जपानहून शांतिनिकेतनात आणले आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकायला लावले. त्याआधी इंग्लंडमध्ये एडिथ गॅरड मतदानाचा हक्क मागणाऱ्या स्त्रियांना जुजुत्सू शिकवत होत्या, कारण मोर्चात पोलीस त्यांना ढकलत, ओढत, पाडत. प्रत्येक ठिकाणी संकट जसे, तशी विद्या निवडली गेली.

वऱ्हाडातले संकट सर्वांसाठी एकसारखे नव्हते. गावाच्या आतून ज्यांच्यावर हल्ला होई, त्यांना गावाच्या तालमीचा काय उपयोग? २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेऊन परतणाऱ्या अस्पृश्य मानलेल्या लोकांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेने समता सैनिक दल आकाराला आले. त्याच वर्षीच्या १३ नोव्हेंबरला अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेबच होते. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या मोठ्या परिषदेत दलाचेही अधिवेशन झाले. काठी हातात घेतलेला स्वयंसेवक सभेच्या कडेला शिस्तीत उभा आहे, एवढ्याने सभा उधळायला येणाऱ्याचे पाय अडखळतात, हे या चळवळीने ओळखले होते. मार टाळण्याची ही सर्वांत जुनी आणि सर्वांत परिणामकारक रीत आहे, आणि स्वसंरक्षणाच्या चर्चेत तिची आठवण फार कमी काढली जाते.

स्त्रियांपर्यंत ही विद्या वेगळ्या वाटेने आली. १९३६ च्या विजयादशमीला वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती सुरू केली आणि मुलींच्या हातात लाठी दिली. दल आणि समिती यांचे विचार परस्परांपासून अतिशय दूरचे, तरी आपल्या माणसांना घाबरून घरात बसावे लागू नये म्हणून दोघांनीही कवायतीला आणि काठीलाच हात घातला. विदर्भात त्या काळी दुसरे काय होते, हा प्रश्न त्यामागे होताच.

त्याच १९३६ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला गेले. ऑलिंपिकच्या निमित्ताने जमलेल्या जगभरच्या प्रेक्षकांसमोर डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली अमरावतीकरांनी कबड्डी आणि भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. १९४९ मध्ये स्टॉकहोमच्या लिंगियाड या व्यायाम-महोत्सवातही मंडळ होते. मातीच्या हौद्यातून निघालेली मुले युरोपच्या मैदानावर उभी राहिली, ही गोष्ट अभिमानाचीच. वसाहतीतल्या माणसाचे शरीर दुबळे असते, असे सांगणाऱ्या राज्यकर्त्यांना दिलेले ते उत्तर होते.

पण प्रात्यक्षिकाची स्वतःची मागणी असते. शंभर मुलांनी एका तालात लाठी फिरवायची तर हालचाली ठरलेल्या हव्यात, सर्वांच्या सारख्या हव्यात, दुरून दिसणाऱ्या हव्यात. झुंजीत याच्या उलट लागते: हालचाल लहान, अनपेक्षित, समोरच्याच्या चुकीवर बेतलेली. मैदानी कवायतीला जसजसे महत्त्व आले तसतशी लाठीतली झुंज मागे पडत गेली आणि ती गणपतीच्या मिरवणुकीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात देखणी दिसू लागली. स्वातंत्र्यानंतर मंडळाचे कामही शारीरिक शिक्षणाकडे वळले. १९६७ मध्ये शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय निघाले, त्यातून शिकलेले क्रीडाशिक्षक महाराष्ट्रभर आणि त्याबाहेरही गेले, आणि २०१२ मध्ये मंडळाच्या प्रभाकरराव वैद्यांना पद्मश्री मिळाली. शाळाशाळांत मैदान जिवंत ठेवण्याचे हे काम फार मोठे आहे. त्यात हल्ला परतवण्याची विद्या पातळ झाली, हेही तितकेच खरे आहे, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगितल्याशिवाय या संस्थेचा इतिहास पुरा होत नाही.

१९७३ च्या ‘एंटर द ड्रॅगन’नंतर देशभर कराटेची लाट आली, ती वऱ्हाडातही पोचली. पांढरा गणवेश, रंगीत पट्टे, परीक्षा आणि प्रमाणपत्रे. मध्यमवर्गीय घरांना मातीत लोळण्यापेक्षा हे रूप पटले आणि मुलींना क्लासला पाठवणेही सोपे झाले. हा फायदा लहान नाही. मात्र ज्या वर्गात वर्षभर ओळीत उभे राहून हवेत ठोसे मारले जातात आणि समोरच्याचा हात कधी अंगाला लागत नाही, तिथे दांडपट्ट्याचीच जुनी उणीव नव्या कपड्यांत परत येते. जिथे जोडी लावून खुली झुंज घेतली जाते, तिथे कराटेही उपयोगी ठरते. पाटीवरच्या नावापेक्षा आत काय चालते ते तासभर बसून पाहावे.

अकोल्याने याच काळात वेगळी वाट धरली. तिथल्या शासकीय क्रीडा प्रबोधिनीमुळे शहराची ओळख मुष्टियुद्धासाठी झाली. बुलढाणा जिल्ह्यातल्या सवणा भागातल्या शेतकरी कुटुंबातून आलेला अनंता चोपडे इथेच घडला आणि २०१९ मध्ये इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कपमध्ये त्याने ५२ किलो गटात सुवर्णपदक जिंकले. बॉक्सिंगच्या रिंगमध्ये हौद्याचाच धडा दुसऱ्या रूपात मिळतो. तोंडावर ठोसा बसल्यावर डोळे मिटायचे नाहीत, पाय थांबवायचे नाहीत, अंतर राखायचे. आयुष्यात एकदाही मार न खाल्लेल्या माणसाला हल्ल्याच्या वेळी सर्वांत आधी गाठतो तो गोंधळ, आणि रिंग तो गोंधळ कमी करते. तिच्या मर्यादाही आहेत. हातमोज्यांशिवाय डोक्यावर ठोसा मारला तर मारणाऱ्याच्या हाताची हाडे मोडू शकतात, आणि कोणी मिठी मारून खाली पाडले तर बॉक्सरला उत्तर सापडत नाही. तिथे कुस्ती किंवा जुदोच लागते. म्हणून वऱ्हाडातल्या मुलाला किंवा मुलीला एकच विद्या निवडायची असेल तर घराजवळ जी भिडून शिकवली जाते ती निवडावी, आणि दोन निवडता येत असतील तर एक धरण्याची व एक मारण्याची.

सुऱ्यापुढे मात्र यातले काहीही भरवशाचे नाही. जुन्या वस्तादांनीही सुऱ्याला उत्तर म्हणून आधी लांब काठीच दिली होती. रिकाम्या हाताची बंदेश ही शेवटची, नाइलाजाची. आज रस्त्यावर कोणी लाठी घेऊन हिंडत नाही. तिथे पैसे, फोन टाकून पळणे आणि ओरडून माणसे गोळा करणे हेच शहाणपण आहे आणि कोणत्याही चांगल्या शिक्षकाने ते पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

सरकारी शाळांतल्या मुलींसाठी समग्र शिक्षा योजनेतून ‘राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण’ चालते. मुदत तीन महिने. आखाड्यात तीन महिन्यांत नवख्याचे नीट अंगही तयार होत नाही, तेव्हा या मुदतीत काय शिकवायचे हा खरा प्रश्न. याचे एक उत्तर कॅनडाच्या तीन विद्यापीठांत तपासले गेले. मानसशास्त्रज्ञ शार्लीन सेन यांनी तयार केलेला कार्यक्रम अवघा बारा तासांचा. त्यात थोडे हातापायांचे डाव, पण बराच वेळ धोका लवकर ओळखण्यावर, ओळखीच्या माणसाला ठामपणे नाही म्हणण्यावर आणि आवाज चढवण्यावर. २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ८९३ विद्यार्थिनी होत्या. वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण हा कार्यक्रम केलेल्या गटात ५.२ टक्के आणि दुसऱ्या गटात ९.८ टक्के राहिले. ओळखीच्या माणसाचा विचार त्यात केंद्रस्थानी आहे, हे आपल्या वर्गांनी विशेष करून लक्षात घ्यावे. अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी गुंडावर सगळे शिक्षण बेतले तर घरात, नात्यात, शिकवणीत येणारा धोका मुलीला ओळखता येत नाही.

कायद्याची बाजूही वर्गात यायला हवी. १८६० च्या भारतीय दंड संहितेची ९६ ते १०६ ही कलमे स्वसंरक्षणाचा हक्क देत होती. १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांनी घेतली. स्वतःचा आणि दुसऱ्याचाही जीव वाचवण्यासाठी मारण्याचा हक्क त्यांत आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा नाही. पडलेल्या माणसाला आणखी लाथ घातली की बचाव संपतो आणि गुन्हा सुरू होतो.

अमरावतीजवळ उन्हाळी वर्गांचा शंभर वर्षांचा अनुभव आहे, क्रीडाशिक्षक तयार करणारे महाविद्यालय आहे. अकोल्याजवळ रिंग आहे. मेळघाटच्या आश्रमशाळेपासून बाळापूर-मूर्तिजापूरच्या शाळांपर्यंत तीन महिन्यांच्या वर्गाला लागेल तो अभ्यासक्रम या दोन शहरांनी मिळून बसवला तर त्याला मातीही मिळेल आणि माणसेही. पहिला महिना धोका ओळखण्याचा, नाही म्हणण्याचा, आवाजाचा आणि पळण्याचा; दुसरा मनगट, केस, कंबर यांवरची पकड सोडवण्याचा, आणि तो भिडणाऱ्या जोडीदाराबरोबरच; तिसरा पॅडवर पूर्ण ताकदीने मारण्याचा आणि कायद्याचा. जिला पुढे शिकायचे असेल तिच्यासाठी हौदा आणि रिंग आहेतच.